डावा खांब

जानेवारीतल्या त्या शनिवारी नॉरिसचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं तेव्हा मी आमच्या लेकीच्या, जिलियनच्या टोपीचा विचार करत होते. तिला माझी मैत्रीण डोरीन हिच्या आईकडे ठेवून आले होते, आणि टोपीची नाडी जरा घट्टच बांधली गेली असं मला मैदानात येऊन बसल्यावर वाटायला लागलं होतं. सगळे एकदम ओरडून उठले म्हणून मीही उठले. गोलपाशी चिखलात हिरव्या लोकरी जर्सीचं गाठोडं पडलं होतं, तो माझा नवरा.

पलीकडच्या संघाच्या माणसानं त्याला खांद्यानं धडक दिली होती. नियमात बसणारी धडक. पंचानं शिट्टीसुद्धा वाजवली नाही. चेंडू नॉरिसनं सोडला नव्हता. आमचा ट्रेनर विल्फ बादली घेऊन धावला, त्याच्या मानेवर गार पाण्याचा स्पंज पिळला, नाकाखाली शुद्धीवर आणायची बाटली धरली, आणि नॉरिस उठला. उठावंच लागतं. बदली खेळाडू नसतोच, त्यामुळे गोलकीपर उठला नाही तर उरलेल्या दहांतल्या एकाला ती जर्सी चढवून उभं करतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहिलेली पस्तीस मिनिटं तो खेळला आणि एकही गोल होऊ दिला नाही.

बसमधून परत येताना त्यानं मला तीनदा विचारलं, "कोण जिंकलं गं?"

मागच्या बाकावर डोरीन आणि तिचा नवरा जॅक पिकप होते. जॅक आमच्या संघाचा सेंटर हाफ, म्हणजे नॉरिसच्या बरोबर पुढे उभा राहणारा माणूस. तो म्हणाला, "हे काहीच नाही. मागच्या वर्षी मला टाळक्यात बसली होती, तर मी घरी जाऊन हिला विचारलं, बाई, तुमचं लग्न झालंय का?"

"आणि मी म्हटलं, झालंय, पण माणूस काही खास नाही," डोरीन म्हणाली.

सगळी बस हसली. नॉरिसही हसला. मग माझ्याकडे वळून त्यानं चौथ्यांदा विचारलं.

आम्ही ज्या घरात राहत होतो ते क्लबचं होतं. थॉर्नशॉमध्ये क्लबची अशी चार घरं होती, होलीबँकच्या चढावर एका ओळीत, आणि चारही घरांत खेळाडूच. खेळता तोवर घर तुमचं. मे महिन्याच्या सुरुवातीला क्लब पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या खेळाडूंची यादी लावतो. यादीत नाव नसेल त्यानं महिन्याभरात किल्ली आणून द्यायची. आदल्या वर्षी, आम्ही नुकतेच आलो होतो तेव्हा, आमच्या शेजारचं कुटुंब असंच गेलं. हातगाडीवर पलंग, पलंगावर म्हातारी. कुणी दारात आलं नाही. आमच्याकडे अशा वेळी पडदे लावून घेण्याची रीत आहे. म्हणजे जाणाऱ्याला आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटत नाही.

जिलियनचा जन्म या घरातला नाही. ती जन्मली फाउंड्री स्ट्रीटला, माझ्या सासूच्या तळघरातल्या खोलीत. तिथे भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा. सहा आठवड्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला. तिच्या छातीचा आवाज मी कान लावून ऐकायचे, आणि अजूनही ऐकते, डोरीन कितीही हसली तरी. मग हे घर मिळालं. वरच्या खोलीत ऊन यायचं. कोरडी भिंत काय असते ते ज्याला ओल माहीत आहे त्यालाच कळेल. नगरपालिकेच्या घरांसाठी नाव नोंदवून आम्हाला चार वर्षं झाली होती आणि आमच्या पुढे अकराशे कुटुंबं होती.

नॉरिस तेहतीस वर्षांचा होता. सतराव्या वर्षी ओतशाळेतून उचलून त्याला क्लबनं घेतलं. दीड हंगाम खेळला आणि लढाई लागली. तिच्यात त्याची सहा वर्षं गेली, गोलकीपरची सगळ्यात चांगली सहा वर्षं. परत आला तो सरळ पहिल्या संघात, आणि तेव्हापासून आठ वर्षांत त्यानं फक्त नऊ सामने चुकवले. एकदा त्याची दोन बोटं मोडली होती, तर विल्फनं ती बाजूच्या बोटाला बांधून दिली आणि हा खेळला. सत्तेचाळीस साली उत्तरेकडच्या निवडक संघासाठी राखीव म्हणून त्याचं नाव आलं. गाडीत बसून गेला, बाकावर बसला, परत आला. त्या दिवसाचा फोटो सासूच्या भिंतीवर आहे, ओलीमुळे खालच्या बाजूनं तपकिरी झालेला.

तो पडला त्यानंतरच्या आठवड्यात मला पहिली गोष्ट दिसली ती ताटलीत. मांस तेव्हा अजून रेशनवर होतं. रविवारी मी त्याला मोठा तुकडा वाढला आणि त्यानं बटाटे तेवढे खाऊन काटा ठेवला. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवतोय. मी म्हटलं, "खा रे, मला पुरेसं आहे." तो म्हणाला, "संपलं की." मी ताटली उचलताना ती जरा फिरली, आणि तो म्हणाला, "अरेच्चा, हा कुठून आला?" आणि मिटक्या मारत खायला लागला.

मग मी बघायला लागले. मी दोन वर्षं शिक्षिकांच्या कॉलेजात होते, लग्नाआधी तीन वर्षं बालवर्गाला शिकवलं. कोणत्या मुलाला फळ्यावरचं दिसत नाही ते ओळखायला आम्हाला शिकवलेलं होतं. नॉरिस दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासत होता. वर्तमानपत्राचं वाचन चालू, पण ओळ मधूनच सुरू करायचा आणि म्हणायचा, काय भिकार छापतात. दाढी डाव्या गालावर राहायची. मी यातलं काही बोलले नाही. लागलंय, उतरेल, असं स्वतःला सांगत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, मी शेगडीपुढे पत्र्याचा टब ठेवला होता. नॉरिस किटलीतलं उकळतं पाणी त्यात ओतायला आला. जिलियन नुकतीच रांगायला लागली होती. ती त्याच्या डाव्या पायाशी होती, टबाच्या काठाला धरून उभं राहू बघत होती. मी खोलीच्या पलीकडून बघितलं की किटलीची चोच तिच्या डोक्यावर आहे आणि त्याचा चेहरा शांत आहे. मी काय ओरडले मला आठवत नाही. तिला दंडाला धरून ओढलं. पाणी सतरंजीवर पडलं. जिलियन रडायला लागली तेव्हा तो उजवीकडे वळून तिला शोधू लागला.

मी तिला पाळण्यात ठेवलं, एक चमचा घेतला आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

"माझ्या नाकाकडे बघ. चमचा दिसला की सांग."

"हा काय पोरखेळ?"

"नाकाकडे बघ म्हटलं ना."

उजवीकडून आणला तेव्हा लगेच "हां" म्हणाला. डावीकडून आणला. कानापासून गालापर्यंत आणला, डोळ्यापर्यंत आणला. तो माझ्या नाकाकडे बघत बसला होता, शहाण्या मुलासारखा. चमचा नाकासमोर आला तेव्हा म्हणाला, "हां, आत्ता." मग एक डोळा झाकून केलं, दुसरा झाकून केलं. दोन्ही डोळ्यांनी त्याला जगाची उजवी अर्धीच बाजू दिसत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातातला चमचा काढून घेतला. मग म्हणाला, "मेपर्यंत म्युरिएल. यादी लागेपर्यंत. एकदा नाव आलं की घर वर्षभर आपलं. मग बघू डॉक्टर-बिक्टर."

"आत्ता हिच्या अंगावर पाणी पडलं असतं."

"आणि फाउंड्री स्ट्रीटला नेलं तर तिचं काय होईल?"

जायला दुसरं घर आमच्याकडे नव्हतं. असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मार्चमध्ये क्लबच्या डॉक्टरची वार्षिक तपासणी असते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्यातल्या ओळी वाचून दाखवायच्या. नॉरिस प्रत्येक ओळीचं फक्त उजवं टोक वाचणार हे उघड होतं. तोच छापील तक्ता बालकल्याण केंद्रात लावलेला होता, जिथे मी दर मंगळवारी जिलियनसाठी कॉड लिव्हर तेल आणि संत्र्याचा रस आणायला जायचे. मी रांगेत उभी राहून तो जिलियनच्या वजनाच्या कार्डामागे उतरवून घेतला. मग आठ दिवस, बालवर्गाला शिकवावं तसं, त्याच्याकडून घोकून घेतलं. वरून खाली, खालून वर, मधलीच ओळ. चुकला की परत पहिल्यापासून. तो म्हणायचा, "बाई, लघवीला जाऊ?" आणि मी हसायचे. खरंच हसायचे. त्या आठ दिवसांत आम्ही जितके हसलो तितके वर्षभरात हसलो नव्हतो.

तपासणीहून आला तो मला उचलूनच घेतलं त्यानं. डॉक्टर म्हणाले होते, हेस्केथ, तुझी नजर ससाण्याची आहे.

मैदानावरची युक्तीही माझीच. तो डाव्या खांबाला चिकटून उभा राहू लागला, हाताच्या मागच्या बाजूनं खांब चाचपत. डावीकडे खांब आहे म्हणजे तिथून काही यायला जागाच कमी, आणि बाकी सगळं मैदान त्याच्या उजवीकडे, दिसणाऱ्या बाजूला. तरीही डावीकडून येणारा चेंडू त्याला शेवटच्या क्षणी दिसायचा. म्हणून मी बायकांच्या बाकावर बसणं सोडलं आणि गोलामागच्या कठड्याला उभी राहू लागले. तिथे सगळे गिरणीतले आणि ओतशाळेतले पुरुष. डावीकडून कुणी येतंय असं दिसलं की मी हाक मारायचे, "नॉरी!" एकदाच. बालवर्गाची मुलं मैदानाच्या टोकावरून बोलवायची असतात तेव्हा जो आवाज लावतात तो. बारा हजार पुरुषांच्या गलक्यातही तो आवाज वेगळा ऐकू जातो. मध्यंतरात संघ बाजू बदलायचे तेव्हा बाकीच्या लोकांबरोबर मीही चालत दुसऱ्या टोकाला जायचे.

"हेस्केथबाई, घरी तरी त्याला जरा सुटी द्या," एकजण म्हणायचा.

"अहो, तिलाच घाला ना जर्सी. धडक द्यायला कुणाची छाती होतेय बघू."

"नॉरी, जेवण तयार आहे!" तिसरा माझ्या आवाजात ओरडायचा, आणि सगळा कठडा हसायचा. मीही हसल्यासारखं करायचे. डोळे मैदानावरून काढायची सोय नव्हती.

बाहेरगावच्या सामन्यांना मी नसायचे. तिथे जॅक पिकप न सांगता डावीकडे सरकून खेळू लागला होता. मी डोरीनला काही बोलले नव्हते, नॉरिस जॅकला काही बोलला नव्हता. ते चारही सामने आम्ही हरलो. बाहेरगावी सगळेच हरतात, कुणाला नवल वाटलं नाही. घरच्या मैदानावर मात्र नॉरिसनं तीन सामन्यांत गोलच होऊ दिला नाही. आमच्या गावच्या पेपरात आलं की हेस्केथ म्हणजे जुनी दारू. त्यानं ते कापून ठेवलं.

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात माझ्या हाकेवर तो डावीकडे झेपावला आणि एकाचा बूट त्याच्या कानामागे बसला. परत स्पंज, परत बाटली, परत टाळ्या. घरी आला तो अंगणातल्या मोरीवर वाकून ओकला. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "ठीक आहे गं एल्सी." एल्सी त्याची बहीण. लढाईच्या दुसऱ्या वर्षी गेलेली.

त्या आठवड्यात मी रोज मोजत होते. एकच सामना उरला होता. एकच. पण त्याच्या उजव्या हाताची पकड सैल झाली होती. चहाचा पेला तो दोन्ही हातांनी धरायचा आणि मी बघतेय असं दिसलं की खाली ठेवायचा.

शेवटच्या शनिवारी सकाळी मी जिलियनला कडेवर घेऊन मैदानावर गेले. विल्फ एंटविसल मागच्या अंगणात धुतलेल्या जर्सी दोरीवर घालत होता. त्यानं मला बघितलं आणि तोंडातला कपड्यांचा चिमटा काढला.

"काय गं पोरी, नवऱ्याचे मोजे नेतेस की काय?"

मी सगळं सांगून टाकलं. ताटली, किटली, चमचा, तक्ता, हाका. तो जर्सी घालतच राहिला. मी थांबले तेव्हा म्हणाला, "मला फेब्रुवारीपासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"डावीकडून टाकलेला टॉवेल त्याला झेलता येत नाही. तीस वर्षं पोरांना टॉवेल टाकतोय मी. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलं."

"मग?"

"मग काय. राखीव गोलकीपरचा हात प्लास्टरमध्ये. नवा आणायला साहेबांना मंडळाकडे तोंड वेंगाडावं लागलं असतं. म्हणाले, उभा राहतोय ना? मग राहू दे."

मी जिलियनला दुसऱ्या कडेवर घेतलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आणि यादी?"

विल्फनं हिरवी जर्सी झटकली. तिच्या कोपरांना मीच ठिगळं लावली होती. "मंगळवारी झाली. टाइप करून साहेबांच्या खणात आहे. नाही त्याचं नाव, पोरी. फेब्रुवारीतच ठरलं होतं."

"आणि तुम्ही त्याला उभा राहू दिलंत."

"त्याला सांगून बघायचं होतंस ना, राहू नको म्हणून. मी सांगितलं होतं एकदा. म्हणाला, विल्फ, तू तुझी बादली सांभाळ." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्याला हे आज सांगू नकोस. शेवटचा सामना आहे. मान राखून जाऊ दे माणसाला. सोमवारी पत्र येईलच."

आमच्याकडे असंच असतं. पडदे लावून घ्यायचे.

घरी आले तेव्हा नॉरिस उकडलेला मासा खात होता. मी न सांगता त्यानं ताटली स्वतःच फिरवून घेतली होती, आणि ते मला दाखवायला हसला.

"आज नको जाऊस," मी म्हटलं.

"शेवटचाच आहे गं. पुढच्या शनिवारी तुझ्याबरोबर बागेत येतो, बाबागाडी ढकलत. लोक म्हणतील, हेस्केथ म्हातारा झाला."

"बॅराक्लॉ आहे त्यांच्यात."

स्टॅन बॅराक्लॉ तेरा स्टोन वजनाचा धिप्पाड गडी, आणि गोलकीपरला जाळ्यात घालण्यासाठी गाजलेला. त्या हंगामात त्याच्यामुळे दोघेजण दवाखान्यात गेले होते.

"असू दे की. तू आहेस ना," नॉरिस म्हणाला. "तू असलीस की मला काही वाटत नाही बघ. लवकर ये, कठड्याला जागा मिळेल."

सांगायला तोंड उघडलं होतं मी. यादी झाली, तुझं नाव नाही, तू कशासाठीच खेळत नाहीयेस. त्याची बुटांची पिशवी दाराशी होती. जिलियननं तिचा बंद तोंडात घातला होता. त्यानं वाकून बंद काढून घेतला, तिच्या नाकाला नाक लावलं, आणि गेला. मी सांगितलं नाही. विल्फनं बजावलं म्हणून की त्याचा चेहरा बघून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पहिल्या अर्ध्या वेळात मी तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा त्यानं चेंडू अडवला. चौथ्या वेळी बॅराक्लॉ समोरूनच आला. नॉरिसला तो दिसला, त्यानं उडी मारून चेंडू धरला आणि मग खांदा त्याच्या बरगड्यांत बसला. दोघं जाळ्यात गेले. पंचानं हात हलवून खेळ चालू ठेवला, कारण चेंडू गोलरेषेच्या अलीकडेच राहिला होता. नॉरिस कसा कोण जाणे चेंडूला हातानं बाहेर ढकलत होता. खेळ थांबल्यावर विल्फ बादली घेऊन आला. स्पंज पिळताना त्यानं कठड्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. नॉरिस उभा राहिला. काही क्षण तो जाळ्याकडे तोंड करून उभा होता. जॅकनं त्याला खांद्याला धरून मैदानाकडे वळवलं.

"अरे हेस्केथ, इकडे! सामना इकडे आहे!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

मध्यंतरात मी दुसऱ्या टोकाला चालत गेले. पाय चालत होते. आमचा एक गोल झाला होता, त्यांचा शून्य. माझ्या शेजारी उभा असलेला टोपीवाला म्हातारा म्हणाला, "काय नवरा आहे बाई तुमचा. पुढच्या वर्षीही हाच पाहिजे." मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटची सात-आठ मिनिटं राहिली असतील. त्यांचा बाजूनं पळणारा पोरगा आमच्या डावीकडून सुटला. जॅक घसरून चिखलात पडला. त्या पोरानं चेंडू खाली, गुडघ्याच्या उंचीनं, गोलसमोर मारला, आणि मला एकाच वेळी तिन्ही गोष्टी दिसल्या. चेंडू डावीकडून येतोय. बॅराक्लॉ त्याच्यावर धावून येतोय, पाय मागे घेऊन. आणि नॉरिस खांबाला हात लावून उजवीकडे बघत उभा आहे, माझ्या हाकेची वाट बघत.

मी हाक मारली की तो काय करेल ते मला माहीत होतं. इतके आठवडे मीच ते बसवलं होतं. तो डोकं पुढे करून डावीकडे पडला असता, बरोबर त्या बुटापाशी.

श्वास मी घेतला होता. छातीत भरलेला होता. नुसता सोडायचा राहिला होता. समोर नॉरिसची मान दिसत होती, जर्सीच्या गळ्यातून वर आलेली, चिखलानं माखलेली. मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि तोंड मिटून घेतलं.

बॅराक्लॉनं चेंडू जाळ्यात घातला. तो नॉरिसपासून हातभर अंतरावरून गेला. नॉरिस हलला नाही. गोल झाल्यावरही तो तसाच उभा होता, उजवीकडे बघत, गुडघे वाकवून, तयार. खेळ संपलाय हे ज्याला कळलेलं नाही अशा माणसासारखा.

असा गोल आजवर कुणी बघितला नव्हता. क्षणभर बारा हजार माणसं गप्प झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, तो आंधळा आहे की काय?" कुणी हसलं. मग हसणं थांबलं. लोकांना कळत गेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कळताना जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. टोपीवाल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली.

नॉरिस वळला. कठड्यावर मला शोधू लागला. त्याची नजर उजवीकडून सरकत आली आणि माझ्यापर्यंत येण्याआधीच थांबली. मी त्याच्या डावीकडे होते. हात वर केला असता तरी त्याला दिसला नसता.

सामना बरोबरीत सुटला. आम्ही कालव्याच्या काठानं घरी चाललो होतो. आज बस नको म्हणाला. गिरणीच्या कुंपणापाशी आल्यावर त्यानं विचारलं, "आवाज बसला होता का?"

"नाही."

"मग दुसरीकडे बघत होतीस?"

"नाही. तुझ्याकडेच बघत होते."

तो थांबला. मी सांगितलं, बॅराक्लॉ किती जवळ होता, पाय कुठे होता, तू कसा पडला असतास. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते माझं मी बघितलं असतं." चालायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "यादीच्या आठवड्यात, म्युरिएल."

सोमवारी पत्र आलं. त्यानं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि घडी करून परत पाकिटात घातलं. त्याला वाटलं, नाव गेलं ते त्या एका गोलमुळे. साहजिक आहे. सगळ्या गावालाही तसंच वाटतं. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला मार आहे, गेलेली नजर येणार नाही; आणखी एक तडाखा बसला असता तर आपण इथे बोलत नसतो. तेव्हा नॉरिस खिडकीबाहेर बघत होता. ऐकलं असेल, नसेल.

आम्ही निघालो तेव्हा होलीबँकच्या बाकीच्या तिन्ही घरांचे पडदे लावलेले होते. डोरीनचा जरा हलला.

आता आम्ही फाउंड्री स्ट्रीटला आहोत. मी परत बालवर्गाला शिकवायला जाते. नॉरिस घरी जिलियनला बघतो, पायाला एक घंटी बांधून, तिच्या पायाला. नोव्हेंबरपासून ती खोकते आहे. रोज शाळेतून आले की कोट काढायच्या आधी मी तिच्या छातीला कान लावते. सासूबाई भाज्या चिरत असतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही.

परवाच म्हणाल्या, "एक हाक मारली असतीस तर आज ही पोर कोरड्या घरात असती. एकच तर हाक."

नॉरिस शेगडीपाशी बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मला साहेबांच्या खणातल्या त्या टाइप केलेल्या कागदाबद्दल सांगता आलं असतं. नाव फेब्रुवारीतच कापलेलं होतं, तेव्हापासून तुमचा लेक क्लबनं नुसता वापरला, हे त्याच्यासमोरच सांगता आलं असतं. मग सासूबाईंच्या तोंडचं ते वाक्य थांबलं असतं. पण कापून ठेवलेला पेपर तो अजून पाकिटात घेऊन हिंडतो. तीन सामने, एकही गोल नाही.

"हो ना आई, चुकलंच माझं," मी म्हटलं, आणि जिलियनचे ओले लंगोट दोरीवर टाकायला घेतले.